गाडी दुपारनंतर जड होते

"मिस्त्री, गाडीत काही खोट न्हाई असं तुमीच लिहून दिलं ना?"

सोपान नवले ट्रॅक्टरच्या पोटाखाली उताणा पडला होता. तिथून त्याला फक्त धुळीनं माखलेल्या चपला आणि निळ्या साडीचा काठ दिसला.

"कोन हाय?"

"प्रज्ञा. छगन त्रिभुवनांची मुलगी."

सोपान सरकत बाहेर आला, चिंधीला हात पुसत उभा राहिला. मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. बालवाडीत शिकवते, हे त्याला ऐकून ठाऊक होतं. त्यानं स्टूल पुढं केलं, पण ती बसली नाही. तिनं एक शाळकरी वही छातीशी धरली होती.

सोपानला विषय विचारावा लागला नाही. तीन आठवडे बेलापुरात तोच विषय चालू होता.

तिथल्या धर्मादाय दवाखान्याची एक डिझेल गाडी होती. डॉक्टरीणबाई, नर्स आणि औषधांच्या पेट्या घेऊन ती रोज एका वाटेवरची चार-पाच गावं करायची. अकरा वर्षं ती गाडी छगन चालवत होता. गेल्या दिवाळीनंतर मात्र गाडीच्या अ‍ॅव्हरेजचा मेळ बसेना. एखाद्या दिवशी लिटरला अकरा किलोमीटर, तर एखाद्या दिवशी जेमतेम सात. नवे व्यवस्थापक गुजर साहेब शिस्तीचे होते. त्यांनी गाडी सोपानकडे तपासायला पाठवली.

सोपाननं सकाळी आठला गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घेतली. नोझल काढून बघितले, पंप बघितला, कुठं गळती आहे का ते बघितलं. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो पाच मिनिटं ऐकत राहिला. इंजिनाची नाडी त्याला अशी कळते, अशी त्याची ख्याती होती. तीस वर्षांत त्याचं निदान चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासात त्यानं कागदावर लिहून दिलं, 'गाडी ठीक. दोष नाही.' आणि खाली झोकदार सही केली.

तो कागद हातात घेऊनच गुजर साहेबांनी दवाखान्याच्या अंगणात, पेशंट आणि नोकरमाणसांच्या देखत, छगनच्या सायकलला अडकवलेली पिशवी उघडायला लावली. पिशवीत भाकरीचा डबा होता. तरी साहेब म्हणाले, "गाडी डिझेल पीत नाही, मग ते जातं कुठं? नदीकाठच्या पाण्याच्या इंजिनांना कोण विकतं?" त्या दिवसापासून छगन घरी बसला होता.

सोपानच्या कानावर हे आलं, तेव्हा तो बायकोला म्हणाला होता, "मी गाडीबद्दल लिहिलं. मानसाबद्दल एक अक्षर न्हाई लिहिलं."

कलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "वाचनाऱ्यानं मानसाबद्दलच वाचलं की."

आता त्या माणसाची मुलगी समोर उभी होती.

"ही वही बघा," प्रज्ञा म्हणाली. "आण्णा रोज लिहितात. गाव, किलोमीटर, दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरताना त्या दिवसाचं किती डिझेल गेलं ते. मी सगळं एकाखाली एक मांडलं. मंगळवार आनि शुक्रवार, याच दोन वारी सात नाहीतर साडेसात. बाकीच्या दिवशी दहा, अकरा. चोरी करनारा मानूस वार बघून करतो का?"

सोपाननं पानं उलटली. मंगळवार, शुक्रवार. देवळाली प्रवऱ्याकडची वाट. बाकीचे दिवस नदीपलीकडची गावं. चार महिने हाच नेम होता.

"हे कुनी शोधलं?"

"मी. वहीत होतंच. कुनी बघितलं न्हाई." तिनं वहीवर बोट टेकवलं. "मला वाटतं, तिकडचा पंप माप कमी देत आसंल."

"टाकी इथल्याच पंपावर भरतात, पोरी. रोज सकाळी."

तिचा चेहरा उतरला. तिनं वहीसाठी हात पुढं केला, पण सोपाननं वही दिली नाही. तो अजून पानं चाळत होता.

"आण्णा काय म्हणतात?"

"ते आता काहीच म्हणत न्हाईत. आधी म्हणायचे, गाडी दुपारनंतर जड होते. तुमाला पन सांगितलं हुतं म्हणे."

सोपानला ते आठवलं. खड्ड्याच्या कडेला उभं राहून छगन हेच सांगत होता, आणि आपण खालून हसून म्हणालो होतो, "ऊन तुला लागतं रे, गाडीला न्हाई."

तो स्टुलावर बसला.

"मी गाडी सकाळी बघितली," तो म्हणाला. "रातभर उभी राहून गार झालेली."

"मग?"

"मग मी निम्मीच गाडी बघितली."

*

गुजर साहेबांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. विषय संपला आहे, महिनाअखेर नवा ड्रायव्हर येतो आहे, तोवर गाडी उभीच राहील, असं ते म्हणाले.

"साहेब, माझ्या कागदावर तुमी मानूस घरी बसवला," सोपान म्हणाला. "तो कागद मी परत मागतो. मला मंगळवारी गाडी द्या. नेहमीची वाट, नेहमीची गावं, नेहमीचं वजन. आनि ड्रायव्हर छगन."

"छगन? तो गाडीला हात लावणार नाही."

"त्याचाच हात पायजे. दुसऱ्यानं चालवली तर गाडी दुसरीच हुती. टाकीचं झाकन कागद चिकटवून बंद करा, त्यावर तुमची सही करा. मी दिवसभर बाजूला बसतो. खोट सापडली न्हाई, तर तुमच्या दवाखान्याच्या गाडीला पुन्हा हात लावनार न्हाई. बेलापुरात सगळ्यांना सांगा की सोपान मिस्त्रीला कळत न्हाई."

गुजर साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. सगळ्या वाटांवरची गावं तीन आठवडे औषधांविना राहिली होती, डॉक्टरीणबाई रोज विचारत होत्या. त्यांनी मान हलवली.

छगनला तयार करणं जास्त अवघड गेलं. तो दारात बाजेवर बसला होता. दाढी वाढली होती. सोपानचं सगळं सांगून झाल्यावर त्यानं एवढंच विचारलं, "आनि सापडलं न्हाई तर?"

"सापडंल."

"तुमी मागं बी असंच छातीठोक बोलला हुता, मिस्त्री."

प्रज्ञा आतून चहा घेऊन आली. तिनं बापाच्या हातात कप दिला आणि म्हणाली, "आण्णा, जावा तुमी. तुमी घरी बसल्यानं लोकांना खरंच वाटतंय ते."

छगननं चहा पिऊन कप खाली ठेवला. मग उठून भिंतीवरच्या आरशात बघत दाढीवरून हात फिरवला.

*

मंगळवारी आठ वाजता गाडी निघाली. सोपाननं गाडीची टाकीच वेगळी केली होती, म्हणजे टाकीकडून पंपाकडं जाणारी नळी काढून तिचं तोंड बंद केलं होतं. त्याऐवजी खिडकीच्या चौकटीला बाहेरून एक पारदर्शक डबा बांधला. त्यात मोजून एक लिटर डिझेल ओतलं. त्या डब्यातून एक नळी बॉनेटखाली पंपाला गेली आणि पंपातून उरलेलं डिझेल परत आणणारी दुसरी नळी त्याच डब्यात सोडली. आता इंजिन काय पितं ते डोळ्यांसमोर दिसणार होतं.

नर्स पुष्पावतीनं गाडीत चढताना डब्याकडं बघितलं. "मिस्त्री, गाडीलाच सलाईन लावलं का?"

"आजारी हाय म्हनतात ना," सोपान म्हणाला. छगन हसला नाही.

बेलापूर सोडल्यावर रस्ता मोकळा होता. मार्च संपत आला होता, पण सकाळचा गारवा अजून अंगाला लागत होता. छगन गाडी चालवत होता आणि सोपान त्याचे पाय बघत होता. उगाच ॲक्सिलरेटर दाबणं नाही, क्लचवर पाय ठेवून बसणं नाही. त्याचं चालवणं निगुतीचं होतं. डबा रिकामा झाला तेव्हा किलोमीटरचा काटा अकराच्या थोडा पुढं गेला होता.

"अकरा," छगन म्हणाला. त्याच्या आवाजात धास्ती होती. "आता तर गाडी ठीकच हाय म्हनतील."

"गप चालव," सोपान म्हणाला, आणि डबा पुन्हा भरला.

पुढं साखर कारखान्याचा रस्ता लागला आणि दिवसाचा वेग संपला. हंगाम भरात होता. उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, मधूनच ट्रक, सगळी एकामागं एक रांग. दहा हात पुढं जायचं, ब्रेक. पाच हात, ब्रेक. सोपाननं सहज मोजायला सुरुवात केली आणि दीडशेच्या पुढं सोडून दिली. हवेत मळीचा आंबूस वास होता. नाकात तो एवढा भरत होता की दुसरं काही जाणवतच नव्हतं.

गावं होत गेली. चावडीपुढं, देवळापुढं, एका ठिकाणी शाळेच्या ओट्यावर डॉक्टरीणबाईंनी पेशंट तपासले. दोन वाजता गाडी परत फिरली आणि पुन्हा त्याच रांगेतून आली. कारखान्याचा रस्ता संपवून मोकळ्या सडकेला लागल्यावर छगन म्हणाला, "बघा. आता बघा."

"काय?"

"जड झाली."

सोपाननं डोळे मिटले. इंजिनाचा आवाज जरा दाटला होता, चढावर बैल ओढतो तसा; रस्ता मात्र सपाट होता. त्यानं गाडी थांबवली, डब्यात नवं लिटर ओतलं. सकाळचीच सडक, तीच माणसं, त्याच पेट्या. डबा रिकामा झाला तेव्हा काटा सातावर होता.

मग मागून पुष्पावती म्हणाली, "छगनभाऊ, सात आले."

छगननं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. चार महिने त्यानं सांगितलेलं पहिल्यांदाच कुणीतरी डोळ्यांनी बघितलं होतं.

पण सोपानला ते पुरेसं नव्हतं. डिझेल जातंय हे दिसलं. कशापायी जातंय ते राहिलं होतं. कॅनॉलच्या पुलाअलीकडं सडकेला किंचित उतार होता. सकाळी जाताना त्यानं तिथं गिअर न्यूट्रलला टाकायला लावला होता आणि गाडी आपसूक घरंगळत पार पुलाच्या कठड्यापर्यंत गेली होती. आता परतताना पूल ओलांडून त्यानं गाडी उताराच्या माथ्यावर नेली आणि पुलाकडं तोंड करून वळवून घेतली.

"त्याच वेगात घे. आनि सोड."

छगननं सोडली. गाडी थोडी पुढं गेली आणि कुणी मागून शेपूट धरल्यासारखी रेंगाळत निम्म्या उतारातच थांबली. पूल तिथून बराच लांब होता.

सोपान खाली उतरला. वारा नव्हता, कारखाना मागं राहिला होता, मळीचा वास गेला होता. आता त्याच्या नाकाला दुसरा वास आला. तो पुढच्या चाकाशी वाकला, हात नेला आणि चटका बसून मागं घेतला. पाण्याच्या बाटलीतले चार थेंब टाकले, चर्रर्र झालं. दुसरं चाक तसंच. मागची दोन्हीही.

"ब्रेक धरलेत," तो म्हणाला. "चारी चाकांना. पाय काढला तरी सोडत न्हाईत. इंजिन गाडी बी ओढतंय आनि ब्रेक बी ओढतंय. डिझेल तिथं जळतंय."

"मग सकाळी कसे धरत न्हाईत?" छगननं विचारलं.

"गार असतात. घडोघडी ब्रेक दाबला की चाकं तापतात, आतलं तेल तापून फुगतं. फुगलेलं तेल वरच्या टाकीत परत जायला एक बारीक भोक असतं. ते भोक बंद आसंल तर तेल जानार कुठं? ब्रेक आपसूक दाबले जातात. मग अजून तापतात. रातभर गार झालं की तेल आकसून ब्रेक सुटतात. नदीपलीकडं रांग नसती, तापत न्हाईत. मंगळवार-शुक्रवार कारखाना."

बोलता बोलता तो ड्रायव्हरच्या बाजूनं आडवा होऊन डोकं पेडलखाली घालत होता. भोक बंद राहायचं एकच कारण त्याला दिसत होतं. पेडलच्या मागच्या दांड्याला सुताभर ढिलाई लागते. ती ठेवली नाही तर पाय काढला तरी दट्ट्या मागं येत नाही. त्यानं दांडा बोटांनी हलवून बघितला. जराही हलला नाही. लॉकनट गच्च आवळलेला होता.

नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता.

सोपान तसाच पडून राहिला. आवळलेल्या नटाला पिवळा ठिपका लावायची त्याची स्वतःची पद्धत होती. दुसरा कुठलाही मिस्त्री लावत नव्हता. मग त्याला सगळं आठवलं. दिवाळीच्या आधी छगननं गाडी आणली होती, पेडल फार खोल जातंय म्हणून. आपण घाईत होतो. चाकांतले ब्रेकचे लायनर उघडून बघायला वेळ नव्हता. दांडाच लांब केला, पेडल वर आलं, आणि म्हणालो, 'घे, नुसतं बोट ठेवलं तरी गाडी थांबंल.' छगन खूश होऊन गेला होता.

"मिस्त्री, दिसतंय का काही?" वरून छगननं विचारलं.

कुणीतरी आवळलाय, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. छगनला ठिपक्याचा अर्थ ठाऊक नव्हता. गुजर साहेबांना तर नट कशाला म्हणतात तेही ठाऊक नव्हतं.

सोपान बाहेर आला. कपडे झटकले. बाटलीतलं उरलेलं पाणी एका दमात प्यायला.

"छगन," तो म्हणाला, "ही खोट माझ्या हातची हाय. दिवाळीला पेडल वर घेतलं, तवाच केली मी."

छगन त्याच्याकडं बघत राहिला.

"माझी पोरगी बालवाडीत जाती," तो म्हणाला. "तिथल्या बायकांनी तिला विचारलं, तुझा बाप डिझेल काय भावानं देतो म्हनून."

"व्हय."

"तुमी नुसतं व्हय म्हनता?"

"दुसरं काय म्हनू? खोटं असतं तर न्हाई म्हनलो असतो." सोपाननं पाना पेटीत टाकला. "आता दुरुस्त करत न्हाई. गाडी अशीच तापलेली दवाखान्यात ने. तिथं दाखवतो."

*

चार वाजता गाडी दवाखान्याच्या अंगणात शिरली. बायाबापड्या केसपेपर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. गुजर साहेब बाहेर आले. त्यांनी आधी टाकीच्या झाकणावरची आपली सही तपासली. ती जशीच्या तशी होती.

सोपाननं पुढचं चाक जॅकवर उचललं. "साहेब, फिरवा."

साहेबांनी दोन हातांनी जोर लावला. चाक हललं नाही. सोपाननं चाकामागचं छोटं निप्पल पान्यानं ढिलं केलं. तापलेल्या तेलाची चिळकांडी उडाली, आणि त्यानं एका बोटानं ढकललं तसं चाक भिंगरीसारखं फिरलं. ओट्यावरच्या बाया उभ्या राहून बघू लागल्या.

अकरा, सात, उतार, कारखान्याची रांग, सगळं त्यानं थोडक्यात सांगितलं. गुजर साहेब हुशार होते, त्यांना समजायला वेळ लागला नाही. त्यांचा चेहरा पडला.

"ठीक आहे, मिस्त्री. आपण आत ऑफिसात बसून बोलू. छगन, तूही ये."

"आत कशाला?" सोपान म्हणाला. "पिशवी इथं उघडली हुती ना?"

मग तो ओट्याकडं तोंड करून उभा राहिला. आवाज त्याचा मोठाच होता.

"ऐका. या गाडीचं डिझेल कुनी चोरलं न्हाई. ब्रेकचा दांडा मी चुकीचा आवळला, त्यात ते जळलं. छगननं मला सांगितलं हुतं, गाडी दुपारनंतर जड होते. मी हसलो. आनि गार गाडी बघून कागद लिहून दिला. तो कागद खोटा हाय. छगन खरा हाय."

गुजर साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग तेही तिथंच, अंगणातच म्हणाले, "छगन, माझं चुकलं. उद्यापासून कामावर ये. मधल्या दिवसांची रजा लागणार नाही." आणि सोपानकडं वळून हलक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही खोट शोधलीत हे खरं. पण आमच्या गाडीचं काम यापुढं तुम्हाला द्यावं की नाही, याचा मला विचार करावा लागेल."

"करा, साहेब. तुमच्या जागी मी असतो तर मीबी केला असता."

साहेब आत गेले. सोपाननं पेडलखाली शिरून पिवळ्या ठिपक्याचा नट सोडला. छगननं वरून पेडल हातानं धरून ठेवलं, तो सांगेल तसं सुतासुतानं खाली-वर केलं. दांड्याला ढिलाई आली. मग दोघांनी मिळून चारी चाकांतलं तेल काढलं, नवं भरलं. पाऊण तास गेला. त्या वेळात ते पान्याचे नंबर आणि 'हां', 'थांब', एवढंच बोलले.

काम संपलं तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. नळाला पाणी नव्हतं. पुष्पावतीनं आतून बादली, तांब्या आणि साबणाची वडी आणून ठेवली. बालवाडी सुटल्यावर आलेली प्रज्ञा फाटकाशी थांबली होती.

छगन सवयीनं पुढं झाला आणि मिस्त्रीच्या हातावर पाणी घालायला तांब्याकडं वाकला. पण सोपाननं तांब्या आधीच उचलला होता.

"छगनराव," तो म्हणाला, "हात पुढं करा."

छगननं एकदा ओट्यावरच्या माणसांकडं बघितलं. मग बाह्या वर सारल्या, साबणाची वडी घेतली आणि दोन्ही हात पुढं केले. सोपान बारीक धार धरून वाकून उभा राहिला. अंगणातल्या धुळीत काळं पाणी पसरत गेलं. छगन सावकाश, एकेक बोट चोळून हात धूत होता. तांब्या रिकामा झाला तसा सोपाननं तो बादलीत बुडवून पुन्हा भरला.